सगुणाबाईंचा धाक

आमच्या चर्चच्या मंडळीत कोणी वारलं की त्या घरी पहिला डबा सगुणाबाईंचा जायचा. दुसरा डबा जायचा तो सगुणाबाईंच्या भीतीने. त्यानंतरचे सगळे तसेच. बाहेरगावचे पाळक उपदेशाला आले की हटकून म्हणायचे, "इतकी प्रेमळ मंडळी मी अख्ख्या जिल्ह्यात पाहिली नाही." आम्ही बाकांवर माना खाली घालून बसायचो. सगुणाबाई दारापाशी उभ्या असायच्या आणि कोण कोण मान खाली घालतंय ते पाहायच्या.

मी नगरकडची. शाळेत बदली झाली म्हणून चिखलीला आले तेव्हा गावात ओळखीचं एक माणूस नव्हतं. पहिल्या रविवारी चर्च शोधत गेले. चपला काढून आत पाय टाकणार, तोच एका ठेंगण्या, काळ्यासावळ्या, रुंद पावलांच्या बाईने माझं मनगट धरलं.

"कोण्या गावची?"

"नगरची."

"एकटी?"

"हो."

"सकाळी जेवली का?"

मी नाही म्हटलं. बाईंनी मनगट न सोडता मला मधल्या वाटेने थेट पहिल्या बाकापर्यंत नेलं. तिथे इस्त्रीच्या कोटातले एक वयस्क गृहस्थ पत्नीसह बसले होते.

"साहेब, सरका थोडं. पाहुणी हाय."

गृहस्थ बाईंकडे न पाहता सरकले. त्यांची पत्नी इतकी सरकली की बाकाच्या कडेला टेकून राहिली. मला वाटलं, काय अगत्य आहे. हे शमुवेलराव, मंडळीचे मुख्य पंच, आणि हा त्यांच्या वडिलांनी चर्चला दिलेला बाक, हे मला नंतर कळलं. नवखा माणूस, मग तो शिक्षक असो की वीटभट्टीवरचा मजूर, सगुणाबाई त्याला याच बाकावर आणून बसवत. मागे रिकामे बाक असले तरी. एकदा सातपुड्याकडून कामाला आलेलं एक कुटुंब आलं, नवराबायको आणि नाक वाहणारी तीन पोरं. पाचही जण शमुवेलरावांच्या शेजारी बसले आणि सगळ्यात धाकटं उपदेशभर त्यांच्या कोटाच्या बटणाशी खेळत राहिलं. सगुणाबाईंच्या चेहऱ्यावर त्या दिवशी मी जे समाधान पाहिलं, ते नाताळातही पाहिलं नव्हतं.

त्या पहिल्या आठवड्यात माझ्या खोलीवर रोज संध्याकाळी वेगळ्या घरून जेवण आलं. आणणारी प्रत्येक बाई दारातच सांगायची, "सगुणाबाईंनी सांगितलं होतं." सांगताना तिच्या चेहऱ्यावर गृहपाठ दाखवणाऱ्या मुलाची कळा असायची. मला संकोच वाटायला लागला. शेवटी मी बाईंना म्हटलं, "मला स्वयंपाक येतो हो. कशाला सगळ्यांना त्रास?"

"तुले येते ते दिसून राह्यलं मले," बाई म्हणाल्या. "त्यायले डबा नेता येते का, ते मी पाहून राह्यली."

बाईंचं बाप्तिस्म्याचं नाव सारा होतं. ते त्यांनी कधी वापरलं नाही. मार्केट यार्डाजवळच्या एका शाळेच्या वसतिगृहात त्या स्वयंपाकाला होत्या. दोन मुली त्याच पगारावर शिकवल्या, लग्नं करून दिली. बोलणं कमी. हसणं त्याहून कमी. पण उपासनेत खुल्या प्रार्थनेची वेळ आली, म्हणजे ज्याला वाटेल त्याने उभं राहून प्रार्थना करायची वेळ, की चर्चमध्ये एक प्रकारची शांतता पसरायची. पंखा तेवढा घरघरायचा. कारण सगुणाबाई उभ्या राहायच्या.

मंगलाबाई म्हणून एकट्या राहणाऱ्या निवृत्त नर्स वारल्या, त्या आठवड्यातली गोष्ट. मयतीला माणसं बऱ्यापैकी होती, पण शमुवेलराव नव्हते. गुडघे धरलेत, असा निरोप आला होता. रविवारी सगुणाबाई उभ्या राहिल्या, पदर डोक्यावर घेतला आणि डोळे मिटून देवाशी बोलायला लागल्या.

"हे प्रभू, आमचे शमुवेलसाहेब मंगलाबाईच्या मयतीले येऊ शकले नाहीत. त्यायचे गुडघे धरले होते. पण दुसऱ्याच दिवशी ते भाजीबाजारात वांगे निवडताना दिसले, म्हंजे तूच त्यायले बरं केलं. तुह्या या चमत्कारासाठी आम्ही तुही स्तुती करतो."

सगळी मंडळी 'आमेन' म्हणाली. न म्हणून जाणार कुठे? प्रार्थनेत मध्येच बोलता येत नाही आणि देवाशी चाललेल्या बोलण्यावर हरकत घेता येत नाही. शमुवेलरावांनीही आमेन म्हटलं. त्यांच्या मानेची शीर मात्र फुगली होती, मी शेजारीच बसले होते.

पुढे मंडळीचा व्हॉट्सअॅप ग्रुप निघाला. कोणी गेल्याचं कळलं की लोक जोडलेल्या हातांची चित्रं पाठवत. बाईंच्या नातवाने त्यांना ते दाखवलं. त्या रविवारी त्यांनी प्रार्थना केली, "प्रभू, आमच्या लोकायले मोबाईलवर हात जोडता येतात. त्याच हातात डबा धरायची ताकद दे." तेव्हापासून चित्रं टाकणारा माणूस आधी डबा पोचवून यायचा आणि मगच चित्र टाकायचा.

हा सगळा आटापिटा कशासाठी, हे मला दुसरबीडहून परत येताना कळलं. तिथल्या एका कुटुंबात मयत झाली होती, आम्ही दोघी भेटून एसटीने परत येत होतो. बाईंचं माहेर त्याच भागातलं. गाडीत गर्दी नव्हती. बाई खिडकीबाहेर पाहत होत्या. मी सहज विचारलं, "तुमचे मालक कशाने गेले?"

"थप्पी पडली आंगावर," त्या म्हणाल्या. "गुलाब हमाल व्हता यार्डात. तुरीच्या पोत्यायची थप्पी कोसळली."

मग त्या बोलत राहिल्या. आवाज चढला नाही की उतरला नाही.

"गावात बाप्तिस्मा घेतला अन् कामासाठी चिखलीले आलो. दोन-चार रविवार चर्चात गेलो. हमालाच्या कपड्याले भुसा राह्यते, घामाचा वास राह्यते. शमुवेलसाहेबानं गुलाबले बाजूले घेतलं. म्हणे, तुम्ही मागं खाली बसत जा, बाकावरच्या लोकायले तरास होते. गुलाब मले म्हणे, आपून घरीच प्रार्थना करू. मंग जाणंच बंद झालं."

"आणि मयत झाली तेव्हा?"

"पाळकसाहेब नागपूरले गेलते. कबरस्तानच्या फाटकाची चाबी या साहेबाजवळ. लहानी पोरगी कडेवर घेऊन मी त्याच्या दारात गेली. दारातूनच म्हणे, तुम्ही मंडळीत येत नाही, तुमाले जागा द्याची तर पंचायची बैठक घ्यावं लागन, उद्या पाहू. उन्हाचे दिवस, मास्तरीणबाई. घरात मयत. अन् हा म्हणे, उद्या पाहू."

शेजारच्या युसूफभाईंनी यार्डातले चार हमाल जमवले. कबरस्तानच्या भिंतीबाहेर, नाल्याच्या अंगाला, त्यांनी खड्डा खणला. त्यांच्यातल्या कोणालाच ख्रिस्ती प्रार्थना येत नव्हती.

"म्या एकटीनंच म्हटली प्रभूची प्रार्थना. मधात इसरली. कोणी सांगणारं नव्हतं. तितकीच म्हणून माती टाकली. मयतीच्या घरी चूल पेटत नाही, तुले मालूम हाय. आपल्या लोकायपैकी कोणी भाकर घेऊन आलं नाही. युसूफभाईची बायको, रशीदाबी, तिनं आणली. पोरी जेवल्या. मले घास गिळवला नाही. मी दाराकडं पाहत बसली व्हती. वाटे, आता येतीन. आता येतीन."

बसने एक गाव मागे टाकलं. मी विचारलं, "तरी तुम्ही याच चर्चमध्ये परत गेलात?"

"दुसरीकडं गेली असती तर त्यानं मले इसरून टाकलं असतं. त्याले आराम झाला असता." त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. "म्या ठरवलं, याले इसरू द्याचं नाही. पुढच्याच रविवारी दोघी पोरी घेऊन गेली अन् त्याच्या बाकावर बसली. तवापासून एक रविवार चुकवला नाही."

शमुवेलराव वाईट माणूस होते असं मी म्हणणार नाही. चर्चचं गळकं छप्पर त्यांनी खटपट करून नवं केलं. कित्येक मुलांना शिफारस करून वसतिगृहं मिळवून दिली. पण मंडळी म्हणजे जुनी चार घरं आणि बाकीचे आलेगेले, अशी त्यांची सरळ समजूत होती. त्या दिवशी दारात आपण काय बोललो हे त्यांना संध्याकाळपर्यंतही आठवलं नसेल. सगुणाबाईंना नेमकं तेच सोसलं नव्हतं.

वर्षं गेली. पंचांच्या निवडणुकीत बाई उभ्या राहिल्या. ज्यांना ज्यांना त्यांनी दारातून हाताला धरून आत आणलं होतं त्या सगळ्यांनी हात वर केले, आणि त्या पंच झाल्या. शमुवेलरावांची पत्नी वारली तेव्हा पहिला डबा बाईंचाच गेला. मुलगा अनिल पुण्यात नोकरीला. आणि मग एका सकाळी शमुवेलरावांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. अनिलने ठेवलेला माणूस महिन्याभरात पळून गेला. दुसरा मिळेना. पंचांच्या बैठकीत पाळकसाहेबांनी विचारलं, कोणी काही जबाबदारी घेईल का? सगळे टेबलाकडे पाहायला लागले.

"मी जाईन," सगुणाबाई म्हणाल्या.

सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. मग एकेकाने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

मी शाळा सुटल्यावर कधीकधी त्यांच्यासोबत जायची. बाई त्यांचं अंग कोमट पाण्याने पुसत, कूस बदलवत, पाठीला पावडर लावत. इतके महिने अंथरुणावर असून त्या माणसाला एक जखम झाली नाही. डॉक्टर म्हणाले, दवाखान्यातही अशी सेवा होत नाही. मग बाई मऊ भातात मुगाचं वरण कालवून चमच्याने भरवायला बसत. आणि भरवता भरवता बोलत.

"आ करा. हां. आज गुरुवार हाय, साहेब. गुलाब गुरुवारीच गेला. तुमच्या दारात मी दुपारच्याले आली व्हती. तुमच्या घरात जेवणं चालू व्हते, मले वास आला व्हता फोडणीचा. गिळा."

शमुवेलराव डोळे मिटून घेत.

"डोळे उघडा. डोळे मिटले की घास अडकते. लहानी कडेवर व्हती, तिनं पाणी मांगलं. तुमी आत बी बोलावलं नाही. आ करा."

रोज तीच गोष्ट. कधी दारापासून, कधी नाल्यापासून, कधी थंड चुलीपासून. हनुवटीवर ओघळलेलं वरण त्या पदराने इतक्या हळुवार टिपत की पाहणाऱ्याला वाटावं, मुलगी बापाला जेवू घालतेय. मला तिथे बसवेना. मी उठून अंगणात जायची, तरी आवाज ऐकू यायचा.

कुणीतरी पाळकसाहेबांच्या कानावर घातलं. ते तरुण होते, नुकतेच आलेले. त्यांनी बाईंना थांबवून सांगितलं, "बाई, तुम्ही मोठं काम करताय. पण क्षमा केल्याशिवाय त्याला अर्थ नाही."

"वैऱ्याले भूक लागली तर जेवू घालावं, त्याच्या डोक्यावर निखारे पडतात, असं तुमीच शिकवलं ना मागच्या महिन्यात?"

"त्याचा अर्थ तसा नाही, बाई."

"मले तसाच समजला," बाई म्हणाल्या. "अर्थ बदलवाचा असंन तर दुसऱ्या कोणाले तरी जेवू घालाले पाठवा. मी उद्यापासून जात नाही."

पाळकसाहेबांकडे दुसरं कोणी नव्हतं. बाई जात राहिल्या.

एक दिवस मी तिथे असताना शमुवेलरावांनी घास घेतला नाही. तोंड मिटून घेतलं, मग मोठ्या कष्टाने उघडलं. "मा," ते म्हणाले. डावा हात उचलायचा प्रयत्न केला. "मा… मा…" कपाळावर घाम आला होता. डोळे बाईंवरून हलत नव्हते.

बाईंनी चमचा वाटीत ठेवला. क्षणभर मला वाटलं, झालं, इतक्या वर्षांचं आज संपलं.

"माय?" बाई म्हणाल्या. "माय पाह्यजे? तुमची माय कवाचीच मेली, साहेब."

ते मान हलवत राहिले. "मा… मा…"

"नाही हो, माय कुठून आणू आता? आ करा. भात थंडा होऊन राह्यला."

त्यांनी तोंड उघडलं. बाईंनी घास दिला. म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी वाहून कानात गेलं, तेही बाईंनी टिपलं.

बाहेर आल्यावर मी चालता चालता थांबले. "बाई, ते माफ करा म्हणत होते."

"मले बी ऐकू येते," सगुणाबाई म्हणाल्या आणि चालायला लागल्या.

त्या हिवाळ्यात शमुवेलराव गेले. बाईंनीच त्यांना आंघोळ घातली, कोट चढवला, बटणं लावली. अनिल पुण्याहून येईपर्यंत त्या शेजारी बसून होत्या. शवपेटी त्याच कबरस्तानात, त्यांच्या पत्नीच्या शेजारी ठेवली. सगळी मंडळी आली होती. अनिलला बोलताना भरून आलं. तो म्हणाला, "मी मुलगा असून जे करू शकलो नाही, ते सगुणामावशींनी केलं. माझी विनंती आहे, त्यांनी दोन शब्द बोलावेत."

पाळकसाहेबांनी पटकन पुढच्या गीताचं पान उघडलं, पण बाई पुढे आल्या होत्या.

"मेलेल्या माणसाबद्दल मागून बोलू नाही म्हणतात," त्या म्हणाल्या. "मी मागून बोलत नाही. जे सांगून राह्यली ते याच्या तोंडावर रोज सांगितलं हाय."

आणि त्यांनी सांगितलं. दार, कडेवरची पोरगी, 'उद्या पाहू', यार्डातले हमाल, मधेच विसरलेली प्रार्थना, न आलेली भाकर. प्रार्थनेत जशा आडून बोलत तशा नाही. सरळ, डोळे उघडे ठेवून. जुन्या चार घरांतली माणसं पायांच्या अंगठ्यांकडे पाहत होती. त्यांच्यातल्या काहींना तो दिवस आठवत असणार. बोलून झाल्यावर बाईंनी वाकून मूठभर माती घेतली, पेटीवर टाकली आणि मागे येऊन उभ्या राहिल्या.

गीत कोणालाच सुरू करता येईना. अनिलचा चेहरा पांढरा पडला होता. विधी उरकल्यावर तो बाईंजवळ आला.

"कुठे आहे ते, मावशी?"

बाईंनी भिंतीपलीकडे हात दाखवला. तो एकटा गेला, बाभळीच्या काट्यांतून, शहरातल्या बुटांनी. बऱ्याच वेळाने परत आला तेव्हा पँटला कुसळं लागली होती. बाईंसमोर हात जोडून म्हणाला, "बाबांच्या वतीने मी…"

"तू तवा शाळेत जात व्हता," बाई म्हणाल्या. "तुह्याकडून मी काय घेऊ? जा, जेवून घे. घरी डबे आले हायेत."

त्यानंतर मंडळीत बरेच दिवस खदखद होती. काही म्हणाले, मेल्यावर तरी सोडायला पाहिजे होतं. काही म्हणाले, बरं झालं एकदाचं बोलून टाकलं. पाळकसाहेबांना एक तोडगा सुचला. नाल्याकडची भिंत पाडायची, कबरस्तान वाढवायचं आणि गुलाबची कबर आत घ्यायची. पंचांनी लगेच होकार दिला. अनिलने खर्च उचलायची तयारी दाखवली. विरोध केला तो एकट्या सगुणाबाईंनी.

"भिंत राहू द्या," त्या म्हणाल्या. "आत घेतला तर चार वर्षांनी कोणाले समजणार नाही तो बाहेर काऊन व्हता. तो बाहेर हाय, बाहेरच दिसला पाह्यजे."

भिंत अजून आहे.

पुढे बाईंचे पाय सुजायला लागले, आणि मोठी मुलगी त्यांना जळगाव जामोदला घेऊन गेली. दिवाळीच्या सुट्टीत मी भेटायला गेले. मुलीचं घर गावाच्या कडेला. अंगणातून सातपुड्याची रांग दिसते. बाई खाटेवर बसून लसूण सोलत होत्या. अंगावरचं मांस उतरलं होतं, रुंद पावलं तेवढी तशीच होती.

"इथली मंडळी कशी आहे?" मी विचारलं.

"चांगली हाय. पहिल्याच रविवारी दोघी जणी घरी आल्या. फळं घेऊन आल्या. दर आठवड्याले कोणी ना कोणी येते." त्यांनी लसणाची साल फुंकली. "करमत नाही मले."

मला हसू आलं. त्या हसल्या नाहीत.

मुलीने चहा आणला. ती आत गेल्यावर बाई म्हणाल्या, "पोरी म्हणतात, आता तरी सोड माय. म्या काही धरून ठेवलं हाय का हातात, सोडाले? ते आंगात हाय."

मी विचारलं, "त्यांची आठवण येते?"

"साहेबाची? रोज येते. जेवणाच्या टायमाले हमखास येते. इतक्या वेळ तर मी गुलाबसंग बी बसली नाही." त्यांनी सोललेल्या पाकळ्या वाटीत सारल्या. "पण माफ केलं का, असं इचारशीन, तर नाही केलं. त्यानं इचारलं तवा त्याले लय गरज व्हती, मले दिसत व्हतं. माह्या हातात व्हतं अन् म्या दिलं नाही. मले त्याचा पस्तावा येईन असं वाटलं व्हतं. आला नाही."

निघताना त्यांनी मला हात द्यायला सांगितला. खाटेवरून उठवताना कळलं, त्या किती हलक्या झाल्या होत्या. ओसरीच्या कडेपर्यंत माझा दंड धरून आल्या. तिथे त्यांनी हात सोडला, स्वतःच एकेक पाऊल टाकत अंगण ओलांडलं आणि उन्हात ठेवलेल्या खुर्चीवर, माझ्याकडे पाठ करून, डोंगराकडे तोंड करून बसल्या.

"येते, बाई," मी फाटकातून म्हटलं.

त्यांनी मागे न पाहता एक हात वर केला आणि परत मांडीवर ठेवला.